मुका मार

पोस्टाचं काउंटर आमच्याच दुकानात आहे,
सुके मासे आणि पाव यांच्या मधे.
जानेवारीत कारासयोकला सूर्य नावापुरताच,
पार्सलं मी ट्यूबलाइटखाली तपासते.

इस्सातने पिशवीतून पट्टा काढून ठेवला.
बर्फ वितळून पावतीबुकावर थेंब पडले.
"दक्षिणेत पाठवायचाय. कारखान्याला परत."

सगळ्यांना विचारते तेच विचारलं:
आत बॅटरी आहे?
आहे.
लिथियमची?
"मला काय ठाऊक. तीन हिवाळे गाब्बाच्या गळ्यात होती,
उणे चाळीसातही थकली नाही."

गाब्बा म्हणजे अख्खं पांढरं रेनडिअर.
रेनडिअरला आमच्या भाषेत जितके शब्द आहेत
तितके रकाने पोस्टाच्या फॉर्मवर नाहीत.
फॉर्मवर एकच: वस्तू.
ती त्याच्या गळ्यातला ताईत, आणि तिच्या गळ्यात हा पट्टा.

मग भिंतीवरचा कागद वाचून दाखवला.
दाखवावाच लागतो, माणूस कितीही ओळखीचा असो.
सुटी बॅटरी चालत नाही, यंत्रात बसवलेली हवी.
एका खोक्यात दोनच.
खोका टणक, आत काही हलता कामा नये.
पाठवणाऱ्याचा पत्ता बाहेरच्या बाजूला.
आणि यंत्र बंद हवं. पूर्ण बंद.
वाटेत कुठे जागं होता कामा नये.

इथे तो अडला.
"बंद केलं तर नकाशावरून जाईल."
फोन पुढे धरला: पांढऱ्या पडद्यावर
एक हिरवा ठिपका, बरोबर माझ्या काउंटरवर.
म्हणाला, वाटलं होतं चालूच ठेवून धाडू.
टपालगाडीतून जाईल, बोगद्यात दिसेनाशी होईल,
पलीकडून निघेल, लाक्सेल्वला विमानात बसेल.
कळप सोडून तिने कधी ओढासुद्धा ओलांडला नाही.
दोन दिवस बघत बसलो असतो.

मी काही बोलले नाही. पट्टा उलटा केला.
फुगलीय का, ते आधी बघायचं असतं,
जणू कुणी रुसून बसलंय.
फुगली नव्हती.
डबीच्या कडेला मात्र दातांचे दोन व्रण.
वुल्वरीनचे. अंग कुत्र्याएवढं,
आणि भूक कुणाएवढी ते सांगता येत नाही.

तडा नाही, गळती नाही.
पण कागदाची शेवटची ओळ आहे:
इजा झालेली बॅटरी कोणत्याच मार्गाने नाही.
विमानाने नाही, ट्रकने नाही, बोटीने नाही.
मुका मार असतो हा. वरून दिसत नाही,
आणि चौथ्या दिवशी कुठल्याशा गोदामात,
कुणा बाळाच्या मोज्यांशेजारी,
आतल्या आत धुमसायला लागते.

"दात पट्ट्यावर लागलाय. डबीवर नाही."
आम्ही दोघांनी डबीकडे पाहिलं.
दोघांनाही दिसत होतं.

एकोणीस वर्षं मी या काउंटरवर आहे.
"नाही" मी सुट्या पैशांबरोबर देते,
तळहातावर, हळू.

दुकानामागे वाळूची लोखंडी बादली आहे,
असल्या मालासाठी. न्यायला गाडी येते मे महिन्यात.
पट्टा मीच ठेवला, हातमोजे घालून,
व्रणांची बाजू वर.
बंद करायची कळ सापडली होती मला.
पण तो नियम टपालाचा.
बादलीविषयी कागद काही म्हणत नाही.

आता इस्सात रोज सकाळी पाव घ्यायला येतो.
पूर्वी आठवड्याचे एकदम न्यायचा.
फोनकडे बघतो, मग मागच्या दाराकडे.
"तिथेच आहे ना?"
आहे.
"रात्री वारा होता. ठिपका जरा सरकला,
पूर्वेला, दोन पावलं."

मी पाव कागदात गुंडाळत होते.
म्हटलं, तिकडे आडोसा आहे.